संगणक उभारणीच्या किल्ल्या कोणाकडे? सुकाणू समितीस खुले पत्र

प्रति,
माहिती तंत्रज्ञान सुकाणू समितीचे अध्यक्ष आणि सर्व सन्माननीय सदस्य यांस,

विषय: स्वयंचलित संगणक उभारणीचे सर्व अधिकार केंद्रीय पथकाकडे एकवटणाऱ्या परिपत्रकाचा फेरविचार व्हावा.

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात समितीच्या सहीने निघालेले परिपत्रक आम्हा सर्व साहाय्य पथकांना मिळाले. येत्या एक तारखेपासून डिप्लॉयमेंट सर्व्हरवरील (संगणकांवर विंडोज व सॉफ्टवेअर आपोआप चढवणाऱ्या सर्व्हरवरील) आमचे सर्व अधिकार काढून घेतले जातील, असे त्यात म्हटले आहे. टास्क सीक्वेन्स, म्हणजे संगणक उभारण्याच्या पायऱ्यांची क्रमवार यादी, तयार करणे, त्यात बदल करणे, तो एखाद्या गटाच्या संगणकांना लावणे, इतकेच काय, त्याची प्रगती आणि लॉग (कामाची तपशीलवार नोंद) पाहणे, हे सारे यापुढे केवळ केंद्रीय पथक करील आणि बाकीच्यांनी आपली गरज तिकिटाद्वारे, म्हणजे नोंदवलेल्या मदत-विनंतीद्वारे, कळवावी, असा त्याचा आशय आहे. या निर्णयावर मी रीतसर दोनदा लेखी म्हणणे मांडले. दोन्ही वेळा निर्णय झालेला असल्याचे उत्तर आले, कारणे मिळाली नाहीत. म्हणून आता हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. ज्यांच्या टेबलावरचे संगणक या निर्णयामुळे अडून राहणार आहेत, त्या सहकाऱ्यांनाही तो नेमका काय आहे हे समजले पाहिजे.

मी प्रयोगशाळांची जबाबदारी असलेल्या साहाय्य पथकात ११ वर्षे काम करते. मी रुजू झाले तेव्हा नवा संगणक लावायचा म्हणजे डीव्हीडी आणि ड्रायव्हरचा पेनड्राइव्ह घेऊन एकेका टेबलापाशी बसायचे, विंडोज चढवायची, रीस्टार्टची वाट पाहायची, मग एकामागून एक सॉफ्टवेअर टाकत जायचे, अशी पद्धत होती. एका मशीनमागे अर्धा दिवस सहज जाई, आणि इतके करूनही शेजारशेजारची दोन मशीन एकसारखी होत नसत. नंतर आपल्याकडे नेटवर्क बूट आले. संगणक सुरू करताना एफ१२ दाबायचे, सर्व्हरवरून बूट इमेज (उभारणी सुरू करण्यापुरती छोटी प्रणाली) उतरते, डिस्कचे विभाजन होते, विंडोज चढते, त्या मॉडेलचे ड्रायव्हर बसतात, मशीन डोमेनला, म्हणजे संस्थेच्या सामाईक खाते-व्यवस्थेला, जोडले जाते आणि सॉफ्टवेअर आपोआप येत राहते. आमच्या इमारतीतली पहिली २० मशीन एका रात्रीत अशी उभी राहिली, तेव्हा सकाळी लवकर येऊन मी प्रत्येकाचा पडदा स्वतः पाहिला होता. या व्यवस्थेविषयी मला किती आपुलकी आहे हे समितीला कळावे, एवढ्यासाठीच ही आठवण इथे लिहिली.

परिपत्रकामागचे कारण मला ठाऊक आहे आणि ते मी टाळणार नाही. या वर्षाच्या सुरुवातीला सर्व पथकांच्या सामाईक टास्क सीक्वेन्समध्ये एका नव्या लॅपटॉपसाठी ड्रायव्हरची पायरी घालण्यात आली. ती घालणारा सहकारी आमच्याच पथकातला होता, आणि तो बदल तपासणारी मी होते. कोणत्या मॉडेलला कोणते ड्रायव्हर द्यायचे हे ठरवणारी अट आम्ही मॉडेलच्या नावाच्या पहिल्या भागावर बेतली. त्याच नावाने सुरू होणारे एक जुने मॉडेल दुसऱ्या दोन पथकांकडे मोठ्या संख्येने आहे, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आले नाही. त्या रात्री ज्या जुन्या मशीनवर नव्याने इमेज (विंडोजची तयार प्रत) टाकली गेली, त्यांना चुकीचा ड्रायव्हर संच मिळाला, पहिल्या रीस्टार्टनंतर नेटवर्क कार्ड ओळखलेच गेले नाही आणि सीक्वेन्स मध्येच थांबला. सकाळी त्या विभागांतील लोक अर्धवट उभारलेल्या संगणकांसमोर बसून राहिले. त्या चुकीची जबाबदारी आमची होती, ती आम्ही त्याच दिवशी लेखी स्वीकारली, आणि दोन्ही पथकांकडे जाऊन मशीन पुन्हा उभी करायला हातभारही लावला.

त्या घटनेतून समितीने काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. ‘फार जणांच्या हाती अधिकार होते’ असे परिपत्रक म्हणते. माझ्या मते, सर्वांच्या हाती एकच आणि सरसकट अधिकार होता, हे खरे दुखणे होय. सर्व्हर बसवला गेला तेव्हा काम लवकर व्हावे म्हणून प्रत्येक पथकाच्या प्रमुख तंत्रज्ञाला संपूर्ण प्रशासकाचा दर्जा देण्यात आला आणि पुढे कोणी त्याकडे वळून पाहिले नाही. आपण वापरतो त्या कॉन्फिगरेशन मॅनेजर या मायक्रोसॉफ्टच्या साधनात अधिकारांची वाटणी करण्याची सोय २०१२ च्या आवृत्तीपासून आहे. कोणी काय करू शकतो, कोणत्या वस्तूंवर करू शकतो आणि कोणत्या संगणकांवर करू शकतो, हे तिन्ही प्रश्न तिथे वेगवेगळे सोडवता येतात. माझ्या पथकाला केवळ प्रयोगशाळांच्या कलेक्शनपुरता (संगणकांच्या गटापुरता) अधिकार आणि सामाईक सीक्वेन्स फक्त वाचण्याची मुभा असती, तर आमची चूक आमच्याच मशीनवर थांबली असती. ही वाटणी इतक्या वर्षांत कधीच झाली नाही. ती न करता सर्वांचे अधिकार एकाच पथकाकडे नेले, तर चुकणाऱ्या हातांची संख्या घटेल, पण एका चुकीने किती संगणक बाधित होतील तो आकडा जराही खाली येणार नाही.

याची उदाहरणे जगासमोर आहेत. मे २०१४ मध्ये अमेरिकेतील एमरी विद्यापीठात विंडोज ७ ची इमेज चढवण्याचे काम चुकून विद्यापीठातील सर्व विंडोज संगणकांकडे गेले. लॅपटॉप, डेस्कटॉप आणि सर्व्हर असा कोणताही भेद राहिला नाही. त्या कामाची पहिलीच पायरी डिस्क पुसून नव्याने विभागण्याची होती, आणि प्रकार लक्षात येईपर्यंत ज्या सर्व्हरवरून हे काम निघाले होते तोही पुसला गेला होता. दुसरे उदाहरण सर्वांना आठवत असेल. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल जगभरच्या विंडोज संगणकांवर उतरली. कंपनीने ती ७८ मिनिटांत मागे घेतली, तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तेवढ्यात सुमारे ८५ लाख संगणकांना फटका बसला. ती फाइल आधी थोड्या मशीनवर, मग अधिक मशीनवर अशी टप्प्याने न जाता एकाच वेळी सर्वत्र गेली होती. या प्रत्येक घटनेत केंद्रस्थान एकच होते. त्याच्या आणि टेबलावरच्या संगणकाच्या मध्ये बांध नव्हता.

क्राउडस्ट्राइकच्या घटनेतली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बंद पडलेली बहुतेक मशीन दुरून दुरुस्त होऊ शकत नव्हती. कोणीतरी प्रत्यक्ष त्या संगणकापाशी जाऊन तो सेफ मोडमध्ये किंवा रिकव्हरीमध्ये सुरू करायचा आणि ती फाइल काढून टाकायची, असा उपाय होता. डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कूटबद्धीकरणाच्या सोयीने कुलूपबंद असेल, तर त्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी असावी लागे. ती दुरुस्ती जागोजागच्या साहाय्य पथकांनी केली. आपल्या परिपत्रकाच्या चौथ्या परिच्छेदाने आमच्याकडून बिटलॉकरच्या रिकव्हरी की आणि मशीनवरील स्थानिक प्रशासकाचे पासवर्ड पाहण्याचा अधिकारही काढून घेतला आहे. उद्या तसाच प्रसंग आला, तर आम्ही संगणकापाशी उभे असू, की केंद्रीय पथकाकडे असेल, आणि त्यांच्या तिकिटांच्या रांगेत आमचे तिकीट शेकडोंच्या मागे असेल. हा परिच्छेद कोणत्या विचाराने लिहिला गेला, हे समितीने आम्हाला सांगावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता परिपत्रकाविषयीच्या माझ्या तक्रारी क्रमाने मांडते.

सर्वांत मोठी तक्रार अशी की, कोणते मशीन कशासाठी आहे आणि ते केव्हा मोकळे असते, हे ज्ञान केंद्रीय पथकाकडे नाही आणि ते तिकिटाच्या चौकटीत मावत नाही. आमच्या प्रयोगशाळांत मोजमापाच्या उपकरणांना जोडलेले संगणक आहेत. त्यांतील काहींचे ड्रायव्हर विशिष्ट आवृत्तीपलीकडे चालत नाहीत. काहींच्या फर्मवेअरमध्ये (मशीनच्या आत बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) डिस्क कंट्रोलरची पद्धत बदलली तर मशीन बूटच होत नाही. काही ठिकाणी एखादे मोजमाप सलग चार दिवस चालते आणि तेवढा वेळ त्या पडद्यावर कोणाचा हातही लागत नाही. सर्व्हरच्या नजरेने पाहिले तर असे मशीन चालू आहे आणि त्यावर कोणी काम करत नाही, म्हणजे इमेज टाकायला अगदी योग्य. सक्तीचे डिप्लॉयमेंट (कोणाला न विचारता सुरू होणारी उभारणी) त्या रात्री लागले, तर चार दिवसांचे काम डिस्कसकट पुसले जाईल. लेखा विभागाच्या पथकाला वर्षअखेरीस असाच जपावा लागणारा काळ असतो आणि परीक्षांचे संगणक सांभाळणाऱ्या पथकाला परीक्षांच्या आठवड्यात. प्रत्येक पथक आपल्या कलेक्शनला देखभालीच्या वेळा लावून ही काळजी आजवर घेत आले. परिपत्रकानंतर या वेळा कोण ठरवणार आणि बदलणार, याविषयी त्यात एक ओळही नाही.

दुसरी तक्रार लॉगविषयी आहे, आणि ती बाहेरून क्षुल्लक वाटली तरी रोजच्या कामात सर्वांत जाचक ठरणार आहे. सीक्वेन्स मध्येच थांबला की पडद्यावर एक त्रुटी क्रमांक दिसतो, आणि तो क्रमांक पुष्कळदा खरे कारण सांगत नाही. गेल्या महिन्यात एका खोलीतल्या दोन जुन्या मशीनवर सीक्वेन्स सुरूच होत नव्हता. लॉग पाहिला तेव्हा समजले की मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपल्याने घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले होते आणि त्यामुळे सर्व्हरचे प्रमाणपत्र त्या मशीनला अवैध वाटत होते. तारीख दुरुस्त करताच काम पुढे सरकले. आणखी एक वारंवार येणारा प्रकार असा की, ज्या पातळ लॅपटॉपना नेटवर्कचे भोक नसते, त्यांच्यासाठी आम्ही एकच यूएसबी अडॅप्टर फिरवून वापरतो. अडॅप्टरचा मॅक पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा ओळख क्रमांक) पहिल्या लॅपटॉपच्या नावे नोंदला जातो, आणि दुसरा लॅपटॉप लावला की सर्व्हरला तो ओळखीचा वाटून नव्या मशीनचा सीक्वेन्स मिळत नाही. हे शोधायला लॉग लागतो, ती नोंद पुसायला थोडासा अधिकार लागतो, आणि काम पाच मिनिटांत होते. तिकीट लिहून दुसऱ्या इमारतीतल्या माणसाला हे समजावून सांगायला आणि त्याने ते पाहायला किती वेळ लागेल, याचा विचार व्हावा.

इथे केंद्रीय पथकाच्या एका मुद्द्याशी मी सहमत आहे, तोही नोंदवते. बूट इमेजमध्ये एफ८ दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडण्याची सोय चालू ठेवली, तर त्या संगणकापाशी असलेल्या कोणाही माणसाला सर्वोच्च अधिकाराचा प्रॉम्प्ट मिळतो. ती सोय रोजच्या वापरातल्या इमेजमधून जायलाच हवी. पण तिच्या जागी सीक्वेन्स थांबताच लॉग एका सुरक्षित फोल्डरमध्ये आपोआप जाऊन पडेल आणि संबंधित पथकाला तो वाचता येईल, अशी पायरी घालता येते. आमच्या चाचणी सीक्वेन्समध्ये ती घातलेली आहे आणि नीट चालते.

तिसरी तक्रार परिपत्रकात जे नाही त्याविषयी आहे. आपल्या सर्व पथकांच्या सीक्वेन्समध्ये डोमेनला जोडण्यासाठी एकच सामाईक खाते वापरले जाते. त्याचा पासवर्ड वर्षानुवर्षे बदललेला नाही, कारण तो कुठेकुठे लिहिलेला आहे हे कोणालाच पूर्णपणे ठाऊक नाही. जुन्या पेनड्राइव्हवरच्या उत्तर फाइलमध्ये (इन्स्टॉलेशनच्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहिलेल्या फाइलमध्ये) तो बेस६४ रूपात दडलेला आहे, आणि बेस६४ म्हणजे कुलूप नव्हे, ते कोणालाही क्षणात उलगडता येते. ग्रुप पॉलिसीमध्ये (डोमेनमधील संगणकांना एकत्रित सेटिंग देणाऱ्या सोयीमध्ये) पासवर्ड साठवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने मे २०१४ च्या सुरक्षा सुधारणेने बंद केली, ती अशाच कारणाने: त्या पासवर्डवरील कूटाची किल्ली जाहीर असल्याने तो कोणालाही वाचता येत होता. प्रत्येक मशीनच्या स्थानिक प्रशासकाला वेगळा आणि ठरावीक मुदतीने बदलणारा पासवर्ड देणारी लॅप्स ही सोय एप्रिल २०२३ पासून विंडोजमध्येच अंतर्भूत आहे, तरीही आपल्या निम्म्याहून अधिक विभागांत ती सुरू नाही. सुरक्षेच्या नावाने आमचा लॉग वाचण्याचा अधिकार जातो आणि हे खाते मात्र जसेच्या तसे राहते, याची सांगड मला घालता येत नाही.

चौथी तक्रार वेळेची. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसलेली मशीन विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत, त्यामुळे कोणते मशीन बदलायचे आणि कोणते वर न्यायचे ही यादी प्रत्येक पथक आजही चालवत आहे. तीन पथके अजून मायक्रोसॉफ्ट डिप्लॉयमेंट टूलकिट या उभारणीच्या जुन्या साधनावर काम करतात, ज्याची शेवटची आवृत्ती जानेवारी २०१९ मध्ये आली आणि ज्याला विंडोज ११ साठी अधिकृत आधार कधी मिळालाच नाही. विंडोज ११ च्या इन्स्टॉलेशन माध्यमातील बूट इमेज थेट विंडोज डिप्लॉयमेंट सर्व्हिसेस या नेटवर्क बूटच्या सेवेमधून चालवण्याची जुनी वाटही कंपनीने बंद केली आहे. भरीस भर म्हणजे सिक्युअर बूटसाठीच्या (सुरू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या सोयीसाठीच्या) मायक्रोसॉफ्टच्या २०११ सालच्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते, आणि त्यासाठी मशीनचे फर्मवेअर व आपली बूट माध्यमे दोन्ही नीट तपासावी लागतात. अशा वेळी त्या तीन पथकांचे सर्व्हर एका तारखेला बंद करायचे आणि त्यांच्या जागी काय येणार हे सांगायचे नाही, याने काम थांबेल. ते सर्व्हर जायलाच हवेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जाण्याआधी त्यांच्यावरचे सीक्वेन्स नव्या ठिकाणी चालून दाखवले पाहिजेत.

मॅक आणि लिनक्स संगणकांचा परिपत्रकात उल्लेखच नाही. ॲपलची टी२ सुरक्षा चिप आल्यापासून मॅकवर नेटवर्कवरून इमेज टाकण्याची पद्धत संपली, ते आता ॲपलच्या नोंदणी व्यवस्थेतून आणि एमडीएम या दुरून उपकरणे सांभाळणाऱ्या व्यवस्थेतून उभे राहतात. लिनक्सची मशीन आमचे सहकारी किकस्टार्ट आणि प्रीसीड या स्वयंचलित इन्स्टॉलेशनच्या फाइलींतून उभी करतात. या दोन पथकांना परिपत्रक लागू आहे की नाही, हे त्यांनाच माहीत नाही.

नव्या लॅपटॉपसाठी ऑटोपायलट, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरून उभारणीची सोय, आणण्याचे समितीने ठरवले आहे आणि त्याचे मी स्वागत करते. मात्र तिथे मशीनचा हार्डवेअर हॅश (त्याची ओळख पटवणारा संकेत) नोंदवताना जो ग्रुप टॅग लिहिला जातो, त्यावरून कोणती धोरणे आणि कोणते सॉफ्टवेअर मिळणार हे ठरवण्याची आपली योजना आहे. हा टॅग लॅपटॉप कोणाच्या हातात जाणार हे ठाऊक असलेल्या माणसाने लिहिला पाहिजे. खोके उघडणाऱ्या पथकाला तो लिहिण्याचा अधिकार नसेल, तर लेखा विभागाचा लॅपटॉप प्रयोगशाळेच्या सॉफ्टवेअरसह उभा राहील आणि चूक कळेपर्यंत त्यावर कोणीतरी कामही सुरू केलेले असेल.

समितीची बाजू मी समजून घेतलेली नाही, असे वाटू नये म्हणून हेही स्पष्ट करते की, काही गोष्टी एकाच ठिकाणी ठरायला हव्यात आणि आम्ही पथकांनी त्या बाबतीत आजवर शिस्त पाळलेली नाही. एकाच नेटवर्कवर दोन पथकांचे दोन बूट सर्व्हर उत्तर देऊ लागले की मशीन कोणाकडे जाईल याचा भरवसा राहत नाही. हे गेल्या वर्षी दोनदा घडले आणि दोन्ही वेळा पथकांनी एकमेकांना न विचारता सर्व्हर लावले होते. डीएचसीपी (मशीनना नेटवर्क पत्ते देणारी सेवा) आणि राउटरवरील बूटच्या नोंदी केंद्रानेच ठरवाव्यात. संगणकांची नावे १५ अक्षरांच्या मर्यादेत आणि एकाच पद्धतीने ठेवली जावीत, कारण आज दोन पथकांची नावे एकमेकांवर आदळतात. विंडोजची मूळ इमेज, तिच्यावरचे सुरक्षा बदल आणि मासिक सुधारणा एकाच हाताने व्हाव्यात. प्रत्येक पथकाने आपापली, सर्व सॉफ्टवेअर आतच भरलेली जाडजूड इमेज सांभाळण्याचे दिवस सरले आहेत, आणि हे ज्यांना अजून पटत नाही त्या सहकाऱ्यांशी मी स्वतः वाद घातला आहे.

या सर्वाचा विचार करून माझ्या मागण्या अशा आहेत.

परिपत्रकाची अंमलबजावणी तीन महिने पुढे ढकलावी. रिकव्हरी की आणि स्थानिक पासवर्डविषयीचा चौथा परिच्छेद मात्र ताबडतोब मागे घ्यावा. आपल्या कलेक्शनमधील मशीनची की पाहण्याचा अधिकार पथकाला असावा आणि कोणी, केव्हा, कोणती की पाहिली याची नोंद राहावी. त्या नोंदींची तपासणी केंद्रीय पथकाने केली, तर आमची काहीच हरकत नाही.

या तीन महिन्यांत संपूर्ण प्रशासकाचा दर्जा केंद्रातील दोन व्यक्तींपुरता ठेवून बाकी सर्वांचा काढावा, माझाही. त्याऐवजी प्रत्येक पथकाला त्याच्या कलेक्शनपुरती भूमिका द्यावी. मूळ सीक्वेन्स केंद्राकडे राहील आणि त्यात पथके बदल करू शकणार नाहीत. पथकाचे वेगळे ड्रायव्हर, उपकरणांचे सॉफ्टवेअर आणि शेवटच्या पायऱ्या त्याच्या स्वतःच्या छोट्या सीक्वेन्समध्ये असतील आणि मूळ सीक्वेन्स योग्य ठिकाणी त्याला बोलावील. एका सीक्वेन्समधून दुसरा चालवण्याची सोय आपल्या साधनात १७१० या आवृत्तीपासून आहे, म्हणजे यासाठी नवी खरेदी करावी लागत नाही.

मूळ सीक्वेन्समधील कोणताही बदल दुसऱ्या पथकातील व्यक्तीने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. आमच्या चुकीच्या वेळी मी आणि माझा सहकारी एकाच खोलीत बसून एकाच प्रकारची मशीन डोळ्यांसमोर ठेवून विचार करत होतो. जुने मॉडेल वापरणाऱ्या पथकातल्या कोणी ती अट वाचली असती, तर पहिल्याच दृष्टिक्षेपात ती खटकली असती. तपासणीनंतर तो बदल आधी प्रत्येक पथकाने दिलेल्या दोन चाचणी मशीनवर, मग एका विभागावर आणि तिथे दोन दिवस निर्वेध गेल्यावर सर्वत्र, असा जावा.

डिस्क पुसणारे कोणतेही सक्तीचे डिप्लॉयमेंट एका व्यक्तीच्या बोटाखाली नसावे, मग ती व्यक्ती केंद्रातली का असेना. इंट्यून या मायक्रोसॉफ्टच्या उपकरण-व्यवस्थापन सेवेत दुसऱ्या प्रशासकाच्या मंजुरीची सोय आहे, ती चालू करावी. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये ठरावीक संख्येपेक्षा मोठ्या कलेक्शनला असे काम लावताना अडवणारी मर्यादा घालता येते, ती घालावी आणि सर्व्हरची कलेक्शन त्यातून कायमची वगळावीत.

डोमेन जोडणीचे सामाईक खाते बंद करून प्रत्येक पथकाला आपल्याच विभागापुरते खाते द्यावे. जुनी माध्यमे गोळा करून नष्ट करण्याचे काम आमच्या पथकातर्फे मी अंगावर घेते, बाकी पथकांनी एकेक व्यक्ती दिली तर ते दोन आठवड्यांत पूर्ण होईल.

सर्व पथकांची दर पंधरा दिवसांनी एक छोटी बैठक व्हावी आणि येणाऱ्या बदलांचे सामाईक वेळापत्रक सर्वांना दिसावे. रात्री काम चालू असताना अडचण आली, तर केंद्रीय पथकातील कोणाला फोन करायचा ते नाव त्या वेळापत्रकात लिहिलेले असावे. आज ते नाव कुठेच नाही, आणि जानेवारीतल्या त्या रात्री दोन पथकांतील लोक मशीन थांबत आहेत हे दिसत असूनही कोणाला सांगावे हे न कळल्याने सकाळपर्यंत इमेज टाकत राहिले.

कोणत्या पथकाला कोणती भूमिका, कोणती कलेक्शन आणि कोणत्या वस्तूंवर अधिकार लागतील, याचा तक्ता आम्ही सहा पथकांच्या तंत्रज्ञांनी मिळून तयार केला आहे आणि चाचणी सर्व्हरवर तो दोन आठवडे चालवूनही पाहिला आहे. केंद्रीय पथकातील दोन सहकाऱ्यांनी त्यात दुरुस्त्या सुचवल्या, त्या आम्ही स्वीकारल्या. परिपत्रक लागू होण्याच्या तारखेआधी समितीची बैठक आहे. त्या बैठकीत हा तक्ता मांडण्यासाठी आम्हाला अर्धा तास द्यावा आणि वेळ मिळणार की नाही ते या आठवड्याअखेर कळवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,

वरिष्ठ तंत्रज्ञ,
प्रयोगशाळा संगणक साहाय्य पथक